वायफाय गोठ्यापर्यंत कसे न्यावे?

आमचे घर पुढे आणि गोठा मागे. मध्ये साठ-सत्तर पावले. घरात इंटरनेटचा डबा आहे. त्याला राउटर म्हणतात. त्याचे वायफाय गोठ्यात पोचेना. म्हणून आम्ही रिपीटर आणला आणि गोठ्यातच लावला. मोबाईलवर पट्ट्या भरल्या, पण उघडेना काहीच! दुसरा आणला. तेच. पैसे मात्र गेले.

चूक आमचीच. रिपीटर काही इंटरनेट तयार करीत नाही. लांबच्या माणसाला हाक मारायची तर मधला गडी ती ऐकतो नि पुढे ओरडून सांगतो. तसेच हे. मधल्यालाच ऐकू आले नाही, तर तो सांगणार काय? आणि त्या भरलेल्या पट्ट्या? मधला गडी आपल्याजवळ उभा आहे, एवढेच त्या सांगतात.

मग आम्ही आधी राउटरजवळ मोबाईल चालवून पाहिला. तिथेच अडले असते तर रिपीटरचा दोष नव्हता. तिथे ठीक चालले. तसेच गोठ्याकडे चालत गेलो. मागच्या पडवीपर्यंत चांगले चालत होते. पत्र्याच्या पाण्याच्या टाकीआड गेलो की बंद. पत्रा आणि जाड दगडी भिंत वायफायला अडवतात, बरे का! रिपीटर पडवीच्या खिडकीत लावला, तेव्हा गोठ्यात चालू झाले.

वेग मात्र निम्मा. साध्या रिपीटरला ऐकताना बोलता येत नाही. एकापुढे एक लावले तर वेग आणखी घटतो. त्यापेक्षा राउटरपासून तार ओढावी. ती 100 मीटरपर्यंत चालते.