पोलीस सेवेवरील नागरी देखरेख, उत्तर आयर्लंडमधील

पोलिसांच्या कारभाराचा जाब दलाबाहेरील नागरिकांच्या संस्थेने विचारावा आणि त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींची चौकशीही दलाबाहेरील यंत्रणेने करावी, या व्यवस्थेस नागरी देखरेख म्हणतात. तिचे एक विस्तृत उदाहरण उत्तर आयर्लंडमध्ये आढळते. तेथील प्रश्न केवळ प्रशासकीय नव्हता. पोलीस नेमके कोणाचे, हाच मूळ वाद होता.

१९२२ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी या दलात एक तृतीयांश जागा कॅथलिकांसाठी राखण्याचे प्रारंभीचे धोरण होते; परंतु त्या कधीच पूर्णपणे भरल्या गेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकसंख्येत ४० टक्क्यांहून अधिक असलेल्या कॅथलिकांचे दलातील प्रमाण सु. ८ टक्के होते. सुमारे तीस वर्षांच्या सशस्त्र संघर्षात दलातील सु. ३०० पोलीस मारले गेले. एका समाजाला हे दल आपले रक्षणकर्ते, तर दुसऱ्याला परकी सत्तेचे हत्यार वाटे. दलात भरती होणारा कॅथलिक तरुण स्वतःच्या वस्तीतही सुरक्षित नसे.

१० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट करारानुसार हाँगकाँगचे अखेरचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र आयोग नेमण्यात आला. सप्टेंबर १९९९ च्या अहवालात त्याने १७५ शिफारशी केल्या. त्यांतील सर्वांत मूलगामी विचार पोलीसप्रमुखाच्या स्वातंत्र्याविषयीचा होता. कोणास अटक करावी, कोणत्या गुन्ह्याचा तपास कसा करावा, हे त्यानेच ठरवावे. मंडळाने किंवा मंत्र्याने तसे आदेश देऊ नयेत. मात्र निर्णय आपला आहे, एवढ्यावरून तो त्याचे स्पष्टीकरण नाकारू शकत नाही. म्हणून ‘स्वातंत्र्य’ या शब्दाऐवजी आयोगाने ‘जबाबदारी’ हा शब्द पसंत केला. हा केवळ शब्दच्छल नव्हे. देखरेख व हस्तक्षेप यांतील सीमारेषा त्यात आखलेली आहे.

४ नोव्हेंबर २००१ रोजी नव्या नावाची पोलीस सेवा व तिच्यावरील मंडळ ही दोन्ही अस्तित्वात आली. मंडळाच्या १९ सदस्यांपैकी १० विधानसभेतील पक्षांचे, तर ९ स्वतंत्र नागरिक असतात. पोलीसप्रमुखाची नेमणूक, वार्षिक उद्दिष्टे व खर्चावरील लक्ष ही त्याची कामे असून प्रमुखास जाहीर बैठकीत प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. शिन फेन या पक्षाने २००७ पर्यंत मंडळावर बहिष्कार घातला होता.

तक्रारींसाठीचे पोलीस लोकपाल कार्यालय त्याआधीच, नोव्हेंबर २००० मध्ये, सुरू झाले होते. त्याचे स्वतःचे अन्वेषक असतात. तक्रार पोलिसांकडेच परत पाठविण्याची जुनी रीत त्यामुळे मोडली. १५ ऑगस्ट १९९८ रोजी ओमा येथील बाँबस्फोटात २९ लोक मरण पावले होते. त्याच्या तपासातील वरिष्ठांच्या त्रुटींवर पहिल्या लोकपाल नूला ओलोन यांनी डिसेंबर २००१ मध्ये कठोर टीका केली. पोलीसप्रमुखाने ती तीव्रपणे नाकारली. तथापि कार्यालय कोणाचेही अंकित नाही, हे कॅथलिकांना पटण्यास अशा अहवालांचे साहाय्य झाले. पोलिसांच्या मनात मात्र कटुता राहिली.

निम्मी भरती कॅथलिकांतून करण्याची पद्धत २००१ ते २०११ या काळात चालली व त्यांचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवर गेले. नंतर ते फारसे वाढले नाही. त्यास भयही कारणीभूत आहे : एप्रिल २०११ मध्ये ओमा येथेच एका तरुण कॅथलिक शिपायाची मोटारीखाली स्फोटके ठेवून हत्या करण्यात आली.

देखरेखीचे रूपांतर पक्षीय दडपणात होण्याचा धोकाही या व्यवस्थेत आहे. २०२१ मध्ये बेलफास्ट येथील एका स्मृतिकार्यक्रमाच्या वेळी झालेल्या अटकेवरून दोन कनिष्ठ पोलिसांवर कारवाई झाली. शिन फेनचा पोलीसव्यवस्थेस असलेला पाठिंबा टिकावा, या हेतूने ती केली गेली व ती बेकायदा होती, असा निर्णय उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. त्याच महिन्यात सु. १०,००० कर्मचाऱ्यांची माहिती पोलिसांच्याच चुकीने उघड झाली होती. सप्टेंबरमध्ये पोलीसप्रमुखाने राजीनामा दिला.