अवर्षण, ओहळ आणि गाळ : साहेल प्रदेशातील एक विरोधाभास

अवर्षणाच्या काळात जमिनीवरून वाहणारे पाणी घटते, पाण्याबरोबर गाळही घटतो आणि पाऊस पूर्ववत झाला म्हणजे सर्व काही पूर्वस्थितीला येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आर्द्र प्रदेशांपुरती ती बऱ्याच अंशी खरी ठरते. शुष्क व अर्धशुष्क प्रदेशांत मात्र पाऊस हा एकटाच कर्ता नसतो. पडलेल्या पावसाचे पुढे काय व्हावे हे तेथे वनस्पतींचे आच्छादन ठरविते आणि ते आच्छादन स्वतः पावसावरच अवलंबून असते. हवामान पालटत असताना अशा प्रदेशांत काय घडेल, ह्याचा विचार ह्या दुहेरी नात्यापासूनच सुरू करावा लागतो.

ह्या नात्याचे पहिले सुस्पष्ट विवेचन लँगबाइन व शूम ह्या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ साली केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील निरनिराळ्या पाणलोट क्षेत्रांतून वाहून येणारा गाळ आणि तेथील वार्षिक पर्जन्यमान ह्यांची त्यांनी तुलना केली. गाळाचे प्रमाण पावसाबरोबर सतत वाढत जात नाही, असे त्यांना आढळून आले. निव्वळ वाळवंटात ते अल्प असते, कारण माती वाहून नेण्याइतके पाणीच तेथे नसते. पुढे ते वाढत जाते आणि सुमारे ३०० मिलिमीटर परिणामी पर्जन्यापाशी कळसाला पोहोचते. त्यानंतर गवत व झाडे जमीन धरून ठेवू लागतात आणि गाळ पुन्हा कमी होतो. येथे 'परिणामी पर्जन्य' ह्या शब्दप्रयोगास महत्त्व आहे. उष्ण प्रदेशात पावसाचा मोठा भाग बाष्परूपाने उडून जातो. म्हणून तोच परिणाम घडण्यास तेथे अधिक पाऊस लागतो. अर्थात, पाऊस तितकाच राहून तपमान वाढले, तरी भूमीच्या दृष्टीने पाऊस घटल्यासारखेच होते. पुढील काळात जगातील इतर भागांत घेतलेल्या मोजमापांत ही वक्ररेषा सर्वत्र जशीच्या तशी आढळली नाही. तथापि तिच्यामागील तत्त्व टिकून राहिले. हे तत्त्व असे, की अर्धशुष्क प्रदेश अधिक शुष्क होऊ लागला, तर त्यातील मातीची धूप घटण्याऐवजी वाढू शकते.

ह्या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात सापडते. 'साहेल' हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'किनारा' असा आहे. उर्दूतील 'साहिल' तो हाच. सहारा वाळवंटाचा हा दक्षिण किनारा सेनेगलपासून पूर्वेस सुदानपर्यंत पसरला आहे. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस तेथे जून ते सप्टेंबर ह्या काळात पडतो. १९६८ च्या सुमारास तेथे दीर्घ अवर्षण सुरू झाले आणि १९७२-७३ व १९८३-८४ ह्या वर्षांत ते विशेष तीव्र झाले. नायजर नदीच्या उगमाकडील अधिक पावसाच्या प्रदेशात अपेक्षेप्रमाणेच घडले. तेथे नद्यांचे पाणी पावसापेक्षाही अधिक प्रमाणात आटले. साहेलमधील लहान पाणलोट क्षेत्रांत मात्र पाऊस घटला असूनही पृष्ठवाह, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणारे पाणी, वाढले. मालीच्या गुर्मा भागातील आगुफू हे पूर्वी दर उन्हाळ्यात आटणारे तळे ह्या काळानंतर बारमाही झाले. नैर्ऋत्य नायजरमध्ये तर १९६३ ते २००७ ह्या काळात भूजलपातळी सुमारे ४ मीटरने वर आली. अभ्यासक ह्यास 'साहेलचा विरोधाभास' असे म्हणतात.

ह्या विरोधाभासाची उकल भूपृष्ठाच्या पातळीवर होते. उघड्या जमिनीवर पावसाचे टपोरे थेंब आदळले, की मातीचे सूक्ष्म कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि वाळल्यावर वर एक कठीण पापुद्रा तयार होतो. पुढच्या सरीचे पाणी त्यावरून घसरत जाते. झाडोरा असला म्हणजे थेंबांचा मारा सौम्य होतो आणि मुळांच्या व वाळवीच्या वाटांनी पाणी खाली उतरते. नैर्ऋत्य नायजरमध्ये हा झाडोरा मुख्यतः बाजरीच्या शेतीसाठी आणि सरपणासाठी तुटला. गुर्मामध्ये शेती अत्यल्प आहे. तेथे उथळ मातीवरील झुडपे अवर्षणानेच मेली. कारणे भिन्न असली, तरी परिणाम एकच झाला : ओहळ वाढले, घळी खोल गेल्या आणि पाणी तळ्यांत जाऊन साचले. नायजरमध्ये त्याच तळ्यांतून ते झिरपून भूजलात मिसळले.

तेव्हा विहिरीचे पाणी वर येणे हे जमिनीच्या आरोग्याचे लक्षण मानता येत नाही. तळे भरते ती माती आणि तो ओलावा शेतातून गेलेला असतो. गुरांना पाणी मिळते, परंतु पिकाच्या मुळाशी ओल राहत नाही. विहीर पाहणारा आणि शेत पाहणारा असे दोन निरीक्षक एकाच गावाविषयी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढू शकतात.

१९९० नंतरच्या दशकात साहेलमधील पाऊस काही अंशी सुधारला आणि वालुकामय जमिनीवर गवत परतले. उपग्रहांच्या चित्रांतही हा प्रदेश अधिक हिरवा दिसू लागला. परंतु पृष्ठवाह घटला नाही. ज्या उथळ, कठीण जमिनींवरून बहुतेक पाणी वाहते, तेथील माती निघून गेल्याने झुडपांना पुन्हा मूळ धरता आले नाही. शिवाय पावसाचे स्वरूपही पालटले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-निरीक्षणांनुसार, साहेलमधील अतितीव्र वादळी पावसाची वारंवारता १९८२ पासून तिप्पट झाली आहे. तपमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची बाष्पधारणशक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वर्षाची सरासरी तीच राहून थोड्या व जोरदार सरींत पाऊस पडला, तर पापुद्रा धरलेल्या जमिनीवरून त्याचा अधिकच भाग वाहून जातो. नियामे शहराजवळ नायजर नदीला गिनीच्या डोंगरांकडून येणारा पूर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पोहोचतो. त्याआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात, जवळच्या उघड्या जमिनीवरून जो गढूळ लोंढा येतो, त्यास तेथे 'तांबडा पूर' म्हणतात. २०१०, २०१२ व २०२० साली त्याने शहरात मोठी हानी केली. अवर्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशाला पुराने ग्रासावे, ह्यात वरील विवेचनानंतर आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही.

उपायाची दिशाही ह्याच विवेचनातून मिळते. बुर्किना फासोच्या यातेंगा भागातील शेतकरी कठीण जमिनीत 'झाई' नावाचे लहान खड्डे खणून त्यांत खत घालतात. पापुद्रा तेथे फुटतो आणि पाणी वाहू लागण्यापूर्वीच अडते. दक्षिण नायजरमधील मारादी व झिंदर भागांत शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकापासून तोडलेल्या झाडांचे खुंट शेतात फुटू दिले. अशा रीतीने सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे पुन्हा उभी राहिली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर येथे पाझर तलाव आणि नालाबांध मोठ्या संख्येने झाले. परंतु वरचा उतार उघडा असेल, तर असा तलाव पाण्याबरोबर गाळानेही भरतो.

पर्जन्यमापकातील आकडा हा ह्या साऱ्या प्रक्रियेचा केवळ आरंभ होय. त्याच पावसाचा पूर व्हावा, गाळ व्हावा की धान्य व्हावे, ह्याचा निर्णय जमिनीवरील हातभर उंचीचा झाडोरा करीत असतो. म्हणून शुष्क प्रदेशांचे भवितव्य वर्तविताना पाऊस किती पडेल ह्या प्रश्नाइतकाच तो कशावर पडेल हा प्रश्नही विचारावयास हवा.