पुनर्निर्देशित फाइलींचे नामकरण
महाजालावरील एखाद्या पत्त्यावर मागितलेली फाइल अन्यत्र असल्यास सर्व्हर मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमला नवा पत्ता कळवितो. या क्रियेस पुनर्निर्देशन म्हणतात. ३०१ व ३०८ हे संकेतांक कायमचा, तर ३०२ व ३०७ तात्पुरता बदल दर्शवितात. मूळ पत्ता, अंतिम पत्ता आणि सर्व्हरने ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या शीर्षकात सुचविलेले नाव ही तिन्ही भिन्न असू शकतात. त्यामुळे उतरविलेली फाइल कोणत्या नावाने साठवावी, हा प्रश्न उद्‌भवतो.

टंकलिखित आज्ञेने चालणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी ग्नू प्रकल्पातील ‘डब्ल्यूगेट’ (१९९६) व ‘कर्ल’ (१९९८) हे प्रमुख होत. डब्ल्यूगेट पुनर्निर्देशनाचा मागोवा आपोआप घेतो. कर्लला तसे ‘एल’ या पर्यायाने सांगावे लागते. डब्ल्यूगेट व ‘मोठा ओ’ हा पर्याय दिलेला कर्ल सामान्यतः मूळ पत्त्याचा अखेरचा भाग नाव म्हणून घेतात. परिणामी ‘लेटेस्ट’ या शब्दाने संपणाऱ्या पत्त्यावरून आलेली पीडीएफ फाइल ‘लेटेस्ट’ याच नावाने, प्रकारदर्शक प्रत्ययाविना साठविली जाते.

ही गैरसोय सुरक्षिततेसाठी पत्करलेली आहे. डब्ल्यूगेटच्या १.१२ पर्यंतच्या आवृत्त्या पुनर्निर्देशनानंतरच्या पत्त्यातील नाव स्वीकारीत. दुष्ट हेतूने चालविलेला सर्व्हर निरुपद्रवी मागणी डब्ल्यूगेटच्याच मांडणी-फाइलीचे नाव असलेल्या पत्त्याकडे वळवू शके. आज्ञा वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेत दिलेली असून तेथे तशी फाइल आधी नसल्यास परकी फाइल त्या नावाने साठविली जाई व पुढील वेळी तिच्यातील सूचना अंमलात येत. हा दोष २०१० मध्ये नोंदविला गेला. १.१३ या आवृत्तीपासून (२०११) मूळ पत्त्यातील नाव प्रमाण मानले जाऊ लागले. अंतिम पत्त्यातील नाव हवे असल्यास ‘ट्रस्ट-सर्व्हर-नेम्स’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. एचटीटीपीवरून एफटीपीकडे होणाऱ्या पुनर्निर्देशनात राहिलेला असाच दोष १.१८ मध्ये (२०१६) दूर झाला.

शीर्षकातील नाव स्वीकारण्यासाठी डब्ल्यूगेटमध्ये ‘कंटेंट-डिस्पोझिशन’, तर कर्लमध्ये ‘मोठा ओ’ याच्या जोडीने ‘जे’ हा पर्याय आहे. अविश्वसनीय सर्व्हरच्या बाबतीत नाव वापरकर्त्याने स्वतः देणे इष्ट. त्यासाठी डब्ल्यूगेटमध्ये ‘मोठा ओ’, तर कर्लमध्ये ‘लहान ओ’ वापरतात. मात्र एकाच डब्ल्यूगेट-आज्ञेत अनेक पत्ते दिल्यास सर्व मजकूर त्या एकाच फाइलीत सलग जोडला जातो.