गर्दची उधारी कोणी फेडायची?

 एका आईचं पत्र आलंय. गर्द ओढणाऱ्या मुलाला उपचारासाठी दाखल केलं आणि दुसऱ्या दिवसापासून दारात वसुलीवाले. ‘त्यांचे पैसे देऊन टाकू का? निदान तो बाहेर येईल तेव्हा मोकळा असेल,’ असं त्या विचारतात.

ही उधारी होते कशी, ते आधी बघू. गर्दवाल्याचा सगळा व्यवहार घड्याळावर चालतो. शेवटच्या दमानंतर आठ-बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. नाक गळतं, जांभया येतात, हाडं ठणकतात, जुलाब होतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. ते टाळायची धडपड असलेला माणूस भाव करत बसत नाही. भरलेला सिलिंडर, पितळी हंडा, बहिणीची सायकल, जे हाताला लागेल ते पुडीच्या किमतीला जातं. म्हणून त्यानं ओढलेल्या गर्दच्या कितीतरी पट घर धुतलं जातं. कर्जाचंही तेच. व्याज किती, हे तो विचारतच नाही.

पहिली चोरी बहुधा घरातच होते, कारण घरचे पोलिसांत जात नाहीत. अंगठी कुठंतरी पडली असेल, असं आईच शेजारणीला सांगते. घरातलं संपलं की दुसऱ्यांचे मोबाइल, पाकिटं. मग कोणीतरी सुचवतं, चार पुड्या विकून दे, एक तुला. इथं ओढणारा विकणारा होतो आणि हे वळण मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. गर्द म्हणजे हेरॉइनच, आणि ते ५ ग्रॅमच्या वर सापडलं, तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे. ताई, सज्ञान मुलाचं कर्ज आईबापांवर येत नाही. तुम्ही जामीनदार म्हणून सही केली असेल, तरच येतं. वसुलीवाला विनापरवाना सावकारी करत असेल, तर २०१४च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. धमकी दिली तर सरळ पोलीस ठाण्यात जा.

आणि घाईनं फेडू नका, हे मी कळकळीनं सांगतो. तो आत असताना तुम्ही खातं कोरं केलंत, तर पुडी मिळणाऱ्या नाक्यावर त्याची पत पुन्हा उभी राहते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. तसा आयांसाठीचा गट जवळपास असेल तर जरूर जा. यातून गेलेल्या बायका तिथं भेटतील.

देण्यांची यादी त्याला स्वतःच्या हातानं लिहू दे, समुपदेशकासमोर. किराणावाला, मित्र, मावशी, सगळे. कामाला लागला की त्यानं महिन्याला थोडं थोडं फेडावं. सुरुवातीला पगार तुमच्याकडे ठेवा आणि हप्ता त्याच्याबरोबर जाऊन द्या. मावशीचे पैसे मात्र आधी.