पिकाचूचा प्रवास

जपानात चलच्चित्रांवरून, म्हणजे ॲनिमेवरून, व्हिडिओ खेळ निघतात. पण क्रम पुष्कळदा उलटाही असतो. ‘पोकेमॉन’ १९९६ मध्ये अवतरला तो हातात मावणाऱ्या यंत्रावरील खेळ म्हणून. त्यातील दीडशे प्राण्यांपैकी पिकाचू हा केवळ एक. त्या इवल्याशा एकरंगी पडद्यावर त्याला स्वभाव असा तो कुठून असणार? तो दिला १९९७ च्या चित्रमालिकेने. तेथील पिकाचू इतरांप्रमाणे चेंडूत राहावयास साफ नकार देतो व नायकाबरोबर पायी चालतो. पुढे १९९८ च्या नव्या खेळाने हा हट्ट जसाच्या तसा उचलला. पिकाचू खेळाडूच्या मागोमाग चालू लागला. भारतात, मग ते बंगळूर असो वा पुणे, बहुतेक मुलांना तो प्रथम भेटला दूरचित्रवाणीवर. मूळ खेळ फारच थोड्यांनी हाताळला होता.