वणवे थांबले, पण साग?

जंगलाला आग लागू द्यायची नाही, गुरं शिरू द्यायची नाहीत, जून झाडं हिशेबानं तोडायची. मग जंगल आहे तसंच राहील, असं आपल्याला वाटतं. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात एकोणिसाव्या शतकातल्या वनाधिकाऱ्यांनाही तसंच वाटलं होतं.

१८५६ साली डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ पेगू भागातल्या जंगलांचे प्रमुख झाले. घेरानुसार सागाची झाडं मोजून, दरवर्षी किती तोडायची याचा हिशेब त्यांनी बसवला. (तोडण्याआधी बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड उभ्या उभ्या वाळवत. ओला साग पाण्यात बुडतो, आणि ओंडके तर नदीतूनच न्यायचे!) पुढे वणवे रोखायचे प्रयत्न सुरू झाले. आगीत कोवळी रोपं मरतात, तेव्हा आग थांबली की साग वाढेल, हा विचार सरळच होता.

घडलं उलटं. याचं कारण सागाच्या स्वभावात आहे. सागाच्या रोपाला भरपूर ऊन लागतं. सावलीत ते तग धरत नाही. वणव्यात त्याचा वरचा भाग जळतो, पण जमिनीखालचं जाड मूळ जिवंत राहतं आणि पावसाळ्यात त्याला पुन्हा फुटवा येतो. मोठ्या झाडाला जाड साल वाचवते. सावलीत वाढणाऱ्या सदाहरित झाडांच्या रोपांना मात्र आग सोसत नाही. म्हणजे वणवा सागाचं नुकसान करत होता खरा, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं त्याहून जास्त.

वणवे थांबल्यावर भरपूर पावसाच्या भागात या प्रतिस्पर्ध्यांना मोकळीक मिळाली. आधी झुडपं, बांबू, मग सदाहरित झाडं. जमिनीवर सावली दाट झाली आणि सागाची नवी रोपं दिसेनाशी झाली. एका वनस्पतिसमूहाची जागा दुसऱ्यानं घेण्याच्या या क्रियेला अनुक्रमण म्हणतात. वणवा हे अनुक्रमण अडवून धरत होता. १८९६ मध्ये स्लेड या वनाधिकाऱ्यानं ‘इंडियन फॉरेस्टर’ या मासिकात ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षण जरा जास्तच होतंय, असं मांडलं. बराच वाद झाला. बंगाल-आसामातल्या ओलसर सालवनांतही पुढे हाच अनुभव आला.

हे लवकर लक्षात का आलं नाही? साग शेकडो वर्षं जगतो. वर पाहिलं तर उंच, डौलदार साग उभेच. उणीव होती ती खाली, वारसांची.

मग वणवे लागू द्यावेत का? एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. विदर्भासारख्या कमी पावसाच्या भागात सदाहरित झाडं सागाची जागा घेऊ शकत नाहीत, तिथे वारंवारच्या आगीनं रोपं आणि माती दोन्हींची हानी होते. शिवाय लाकूड हवं असेल तर सागाची पीछेहाट हे नुकसान. पण मिश्र जंगल हवं असेल तर? आमच्या मते हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच माणसांच्या गरजांचाही आहे.

तुमच्या जवळपास जुनी सागाची लागवड असेल, तर विद्यार्थ्यांना घेऊन जरूर जा. दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखा. त्यातली मोठी झाडं मोजा, मग गुडघ्याएवढी रोपं मोजा, आणि दोन्ही याद्यांतली नावं शेजारी शेजारी लिहा. खाली जांभळासारखी रोपं जास्त आहेत की सागाचीच? राखेच्या, जळलेल्या बुंध्यांच्या खुणा आहेत का, तेही पाहा.