पाण्यावरच्या पंपासाठी तराफा घेताना



सोनगीरच्या तांबटाकडे हंडा घेताना आपण नुसती चकाकी पाहत नाही. तो वाजवतो, काट्यावर टाकतो. पंपाचा तराफा घेताना मात्र रंग आणि किंमत पाहून सौदा करतो. तराफा उलटला तर पंप जातो आणि माणसाच्या जिवावरही बेतते.

तराफा कशासाठी? पंप जमिनीवरून साधारण सहा-सात मीटरपर्यंतच पाणी नीट ओढतो. तापीवर सुलवाडे बॅरेजच्या फुगवट्यात किंवा धरणात उन्हाळ्यात पाणी खाली जाते आणि पंप सारखा हलवावा लागतो. तराफा पाण्याबरोबर खाली-वर होतो.

समजा, बाजारात दोन तराफे आहेत. दोन्ही २०० लिटरच्या चार ड्रमांचे. एक लोखंडी, दुसरा प्लास्टिकचा. कोणता घ्यावा?

१) ओझ्याचा हिशेब : २०० लिटरचा बंद ड्रम पूर्ण बुडाला तर सुमारे २०० किलो भार पेलतो. चार ड्रमांचे ८०० किलो झाले. पण भार निम्म्यावर, म्हणजे ४०० किलोवर जाऊ देऊ नये. आता मोजा : सांगाडा ७०, पंप ८०, पाण्याने भरलेला पाइप ६०, दोन माणसे १३०, एकूण ३४०. लोखंडी ड्रम प्रत्येकी २० किलोचे धरले तर भार ४२० होतो. प्लास्टिकचे १० किलोचे धरले तर ३८०. म्हणजे या ओझ्याला प्लास्टिकचा तराफा चालेल. लोखंडी घ्यायचा तर सहा ड्रमांचा घ्या. आपल्या पंपाचे वजन स्वतः करून हाच हिशेब मांडा.

२) रुंदी : ड्रम तेवढेच असले तरी चार फुटी तराफ्यापेक्षा सहा फुटी तराफा कमी कलतो. पंप मधोमध आणि शक्य तितका खाली बसवा.

३) ड्रम : लोखंड पाण्याच्या रेषेवर गंजते, दरवर्षी रंग द्या. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होते. वरून सावली करा. औषधाचे रिकामे ड्रम वापरू नका, पाण्यात विष उतरते. जुन्या ड्रमाला वेल्डिंग करू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

४) परीक्षा : पैसे देण्याआधी तराफा काठाजवळच्या उथळ पाण्यात सोडा. पंप, पाइप आणि माणसे यांच्या वजनाइतकी, म्हणजे २७० किलो, वाळूची पोती ठेवा. पाण्याच्या रेषेवर खूण करून रात्रभर राहू द्या. सकाळी खूण बुडालेली दिसली तर ड्रम गळका आहे. मग १३० किलोची पोती एका कडेला सरकवा. त्या बाजूचे ड्रम पूर्ण बुडाले, तर तो तराफा फुकट मिळाला तरी नको.

तराफा कोणताही असो, स्टार्टर काठावर ठेवा, अर्थिंग करा आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावा. वीज बंद केल्याशिवाय तराफ्यावर पाय ठेवू नका. जीवरक्षक जाकीट घाला. एकट्याने जाऊ नका. मृगापूर्वी तराफा काठावर ओढून घ्या. हतनूरचे दरवाजे उघडले की तापीचे पाणी झपाट्याने चढते आणि दोर तुटतो.

पाणी उपशाचा परवाना आधी घ्या. हिशेब जमत नसेल तर आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा. पण एक खूण पक्की ध्यानात ठेवा : पूर्ण ओझे चढल्यावर निम्मा ड्रम पाण्यावर दिसला, तरच तराफा आपल्या कामाचा.